रोबोच्या आधी प्रेसकडे पाहा

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरच्या धावपट्टीवरून नाशिकमध्ये जुळलेले पहिले तेजस मार्क-१ए विमान आकाशात झेपावले. हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या या नव्या उत्पादन साखळीची क्षमता वर्षाला आठ विमानांची आहे. याच जिल्ह्यात नाशिकरोडला, १९२८ पासून चालू असलेल्या करन्सी नोट प्रेसमध्ये, नोटा कोट्यवधींच्या संख्येने छापल्या जातात. आणि या दोन टोकांच्या मध्ये सातपूर-अंबडची औद्योगिक वसाहत आहे. २००२ साली स्कॉर्पिओ बाहेर पडली ती इथल्याच महिंद्राच्या कारखान्यातून. उत्पादनाच्या इतक्या वेगवेगळ्या तऱ्हा जिथे एकत्र नांदतात, अशी शहरे देशात फार नाहीत. कारखान्यातले ऑटोमेशन समजून घ्यायचे असेल तर नाशिककराला लांब जायची गरज नाही.

ओझरच्या हँगरमध्ये माणसांचे हात जास्त दिसतात आणि मोटारीच्या बॉडीशॉपमध्ये वेल्डिंगचे रोबो जास्त दिसतात. यावरून विमानाचा कारखाना मागासलेला आहे, असे कोणी म्हणणार नाही. वर्षाला आठच नग करायचे असले की प्रत्येक नगावर वेगळा विचार करावा लागतो. अरुंद पोकळीत हात घालून तारांचे जुडगे बसवणारा तंत्रज्ञ तिथे यंत्रापेक्षा स्वस्तही पडतो आणि भरवशाचाही. मोटारीच्या सांगाड्यावर मात्र त्याच जागी तोच वेल्डचा ठिपका हजारो वेळा पडायचा असतो. जिथे काम हुबेहूब तेच आणि पुन्हा पुन्हा आहे, तिथे यंत्र माणसाची जागा घेते. काम दर वेळी बदलते तिथे घेत नाही, निदान परवडत तरी नाही. दिंडोरीच्या पॅकहाऊसमध्ये निर्यातीची द्राक्षे शीतगृहात ठरलेल्या तापमानाला आपोआप थंड होतात, पण घडातला खराब मणी कात्रीने अलगद काढायला अजून बाईच लागते. एक घड दुसऱ्यासारखा नसतो.

ऑटोमेशन म्हटले की डोळ्यांपुढे रोबोचा पिवळा हात येतो. खरे तर तो या विषयाचा एक छोटा तुकडा आहे. मूळ रचना तीन भागांची: काय चालले आहे ते जाणणारा सेन्सर, काय करायचे ते ठरवणारा कंट्रोलर आणि ते प्रत्यक्ष करणारी झडप, मोटर किंवा सिलेंडर. गंगापूर धरणाच्या परिसरातल्या वायनरींतल्या स्टीलच्या टाक्या याचे चांगले उदाहरण आहेत. द्राक्षरस आंबताना उष्णता सुटते. पांढऱ्या वाइनचा रस फार तापला तर तिचा गंध उडून जातो. म्हणून टाकीत तापमापक बसवलेला असतो, आणि ठरवलेल्या अंशाच्या वर पारा गेला की कंट्रोलर झडप उघडतो. टाकीभोवतीच्या आवरणातून गार द्रव फिरतो, तापमान उतरते, झडप बंद होते. रात्री दोन वाजता कोणी जागे नसले तरी हे चालू असते. मोजणे, ठरवलेल्या आकड्याशी ताडणे, दुरुस्त करणे आणि पुन्हा मोजणे. या फेऱ्यात बसणारी प्रत्येक गोष्ट ऑटोमेशन आहे, मग ती वाइनची टाकी असो नाहीतर कागदाची गिरणी.

ठरवणारा जो भाग आहे, त्याला कारखान्यात पीएलसी, म्हणजे प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर, म्हणतात. त्याची जन्मकथा सांगण्यासारखी आहे, कारण नाशिकच्या दृष्टीने तिच्यात एक मोठा आधार दडलेला आहे. १९६८ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाला रोजची एक डोकेदुखी संपवायची होती. गिअरबॉक्सच्या यंत्रांचे नियंत्रण शेकडो रिले भरलेल्या कपाटांतून चाले. मॉडेल बदलले की ती कपाटे उघडून सगळी वायरिंग नव्याने करावी लागे. त्यात दिवसच्या दिवस जात आणि एक तार चुकली की शोधाशोध सुरू होई. वायरिंगला हात न लावता नुसती सूचना बदलून यंत्राचे वागणे बदलता येईल का, असा प्रश्न कंपनीने विचारला. अभियंते डिक मॉर्ली आणि बेडफर्ड असोसिएट्समधील त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर जे उपकरण बनवले ते मॉडिकॉन ०८४. आजच्या सगळ्या पीएलसींचे ते मूळ.

मॉर्लींच्या काळातला एक निर्णय फार शहाणपणाचा ठरला. या उपकरणाला सूचना देण्याची पद्धत संगणकतज्ज्ञांच्या सोयीची न ठेवता कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनच्या सोयीची ठेवली. रिलेचे सर्किट कागदावर जसे काढतात, तसेच ते पडद्यावर काढायचे. दोन उभ्या रेघा, मध्ये आडव्या पायऱ्या, म्हणून नाव लॅडर. ज्याला कॉन्टॅक्टर आणि स्टार्टर कळतो त्याला लॅडर वाचायला फार दिवस लागत नाहीत. पीएलसी आत काय करतो तेही सोपे आहे. सगळे सेन्सर एकदा वाचतो, लॅडरच्या पायऱ्या वरून खाली सोडवतो, निर्णय बाहेर पाठवतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. हा फेरा काही मिलिसेकंदांत पुरा होतो आणि वर्षानुवर्षे थांबत नाही. सातपूरच्या आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा ट्रेड करून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना हे तंत्र परके वाटण्याचे काही कारण नाही. ते मुळात त्यांच्यासारख्यांसाठीच घडवले गेले आहे.

ऑटोमेशनचा दुसरा धडा जपानचा. साकिची टोयोडा यांनी १९२४ मध्ये टाइप-जी नावाचा माग पुरा केला. शटलमधले सूत संपले की माग न थांबता तो शटल आपोआप बदले आणि धागा तुटला की स्वतःहून थांबे. त्यामुळे खराब कापड विणले जात नसे आणि एक कामगार अनेक माग सांभाळू शके. मोटारी बनवणारी टोयोटा ज्या विचारावर उभी राहिली त्याचे बीज या मागात आहे: चूक झाली की यंत्राने स्वतः थांबावे. याला शंभर वर्षे उलटली. मालेगावात आजही साध्या यंत्रमागांवर कामगार माग थांबवून हाताने कांडी बदलतो आणि तुटलेला धागा शोधत मागांच्या ओळीतून फिरत राहतो. ऑटोमेशन किती पुढे गेले याच्या बातम्या रोज येतात, पण आपल्याच जिल्ह्यात ते कुठे पोहोचलेच नाही, याची बातमी होत नाही.

आंतरराष्ट्रीय रोबोटिक्स महासंघाच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये भारतात ८,५१० औद्योगिक रोबो बसवले गेले. तोपर्यंतचा हा विक्रम होता आणि आधीच्या वर्षापेक्षा वाढ ५९ टक्क्यांची. त्याच वर्षी जगात ५ लाख ४१ हजार रोबो बसले आणि त्यांतले पावणेतीन लाखांहून अधिक एकट्या चीनमध्ये. हे आकडे वाचले की उद्योजकांच्या मेळाव्यांत एकच सूर लागतो: आपणही लवकरात लवकर रोबो आणले पाहिजेत. औद्योगिक प्रदर्शनांत सगळ्यात जास्त गर्दी नाचणाऱ्या रोबोसमोर असते. नाशिकच्या मोठ्या कारखान्यांना हा सूर ठीक आहे. त्यांच्याकडे इंजिनिअर आहेत, भांडवल आहे, मागणीचा अंदाज आहे. पण या शहराचे उद्योगजग त्यांच्यापुरते नाही. त्यांना ब्रॅकेट, क्लॅम्प, वॉशर, टर्मिनल, स्विचगिअरचे पत्र्याचे भाग पुरवणारी छोटी युनिट अंबडच्या आणि सातपूरच्या आतल्या गल्ल्यांत आहेत. तिथे ऑटोमेशनची सुरुवात कुठून व्हावी हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर पॉवर प्रेस, म्हणजे पत्रा डायवर दाबून त्याला आकार देणारे यंत्र, हे आहे.

अशा प्रेसशॉपमधले काम जवळून पाहावे. कामगार डाव्या हाताने पत्र्याचा कापलेला तुकडा उचलतो, डायवर पिनेला टेकवून ठेवतो, हात मागे घेतो आणि पायाने पेडल दाबतो. फ्लायव्हील फिरतच असते. पेडल दाबले की क्लचची चावी अडकते, रॅम खाली येतो, धप्प आवाज होतो आणि रॅम वर जातो. तयार जॉब काढून बिनमध्ये, पुढचा तुकडा डायवर. एका शिफ्टमध्ये हे हजारो वेळा. नगावर हिशोब असला की लय आणखी वाढते. मग केव्हातरी एक जॉब डायला चिकटतो. तो सोडवायला हात आत जातो आणि पाय सवयीने पेडलवर पडतो. किंवा पाय पडतच नाही, पण क्लचची चावी झिजलेली असते, ब्रेकचा पट्टा ढिला असतो, आणि प्रेस डबल मारते. रॅमला हाडामांसाचा आणि पत्र्याचा फरक कळत नाही.

सेफ इन इंडिया ही संस्था २०१९ पासून ‘क्रश्ड’ नावाचे अहवाल काढते. वाहन उद्योगाच्या पुरवठा साखळीत बोटे आणि हात गमावलेल्या कामगारांच्या नोंदींवर ते आधारलेले आहेत. हरियाणापासून सुरू झालेल्या या कामात पुढे महाराष्ट्रही आला. अशा अपघातांमागचे सर्वांत मोठे कारण म्हणून पॉवर प्रेसचे नाव या अहवालांत पुन्हा पुन्हा येते, आणि जखमींमध्ये स्थलांतरित व कंत्राटी कामगारांचा भरणा असतो. हे अपघात मोटार कंपन्यांच्या झगमगीत कारखान्यांत होत नाहीत. ते पुरवठादाराच्या पुरवठादाराकडे, दुसऱ्या-तिसऱ्या थरात होतात. बोट गेलेल्या माणसाला पुढे प्रेसवर कोणी घेत नाही. प्रेसवर डाय चढवणारा सेटर होण्याचे त्याचे स्वप्न तिथेच संपते.

यंत्राचे धोकादायक भाग झाकलेच पाहिजेत, ही सक्ती १९४८ च्या कारखाना कायद्याच्या २१ व्या कलमापासून आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांमध्येही सुरक्षेची जबाबदारी मालकाचीच आहे. मात्र विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या तिथे दहाऐवजी वीस कामगारांपासून सुरू होते. दोन-चार प्रेस टाकून बसलेली कितीतरी युनिट त्या रेषेखाली राहतात. म्हणजे जिथे धोका जास्त, तिथे सरकारी नजर कमी. ही चूक आहे, आणि ती चूक आहे असे उद्योजक संघटनांनीही म्हटले पाहिजे.

उपाय ठाऊक आहेत आणि ते ऑटोमेशनचेच आहेत. पण इथे एक तांत्रिक बारकावा आहे, आणि तो न कळल्याने पैसे जातात व बोटेही जातात. डायसमोर प्रकाशकिरणांचा अदृश्य पडदा लावायचा, हात मध्ये आला की प्रेस थांबेल, अशी लाइट कर्टनची कल्पना. ती वायवीय क्लच असलेल्या किंवा हायड्रॉलिक प्रेसवर उत्तम चालते. जुन्या चावीच्या क्लचच्या प्रेसवर ती निरुपयोगी आहे. चावी एकदा अडकली की रॅम पूर्ण फेरा घेतल्याशिवाय थांबूच शकत नाही, पडद्याने कितीही ओरडून सांगितले तरी. अशा प्रेसवर लाइट कर्टन लावून कामगाराला ‘आता निर्धास्त हात घाल’ म्हणणे हे न लावण्यापेक्षा वाईट.

थांबू शकणाऱ्या प्रेसवरही पडदा कुठे लावायचा याचे गणित असते. जवळच्या अंतरासाठी माणसाचा हात सेकंदाला दोन मीटर वेगाने पुढे येतो असे आंतरराष्ट्रीय मानकात गृहीत धरतात. प्रेस पूर्ण थांबायला ०.२ सेकंद लागत असतील तर तेवढ्यात हात ४० सेंटिमीटर आत पोहोचतो. म्हणून पडदा डायपासून किमान तेवढा, आणि वर थोडा अधिक, दूर हवा. दोन हातांनी दोन बटणे एकदम दाबल्याशिवाय रॅम हलू नये, ही दुसरी युक्ती. तिलाही पळवाट असते: एक बटण चिंधीने किंवा टेपने कायमचे दाबून ठेवले की एक हात मोकळा. चांगल्या सेफ्टी रिलेला हे कळते. दोन्ही बटणे ठराविक क्षणात एकत्र दाबली गेली नाहीत, किंवा मधे दोन्ही सुटली नाहीत, तर तो पुढचा स्ट्रोक देतच नाही.

चावीच्या क्लचच्या प्रेसला खरा उपाय एकच आहे. हात आत जाण्याची गरजच संपवायची. पत्र्याचे तुकडे कापून देण्याऐवजी कॉइल लावून रोल फीडरने पट्टी पुढे सरकवायची. तुकडेच द्यायचे असतील तर ते बाहेरून सरकत डायवर जातील अशी घसरण करायची, तयार जॉब हवेच्या फवाऱ्याने बाहेर उडवायचा, आणि डायभोवती बोट शिरणार नाही असे जाळीचे स्थिर गार्ड घट्ट बसवायचे. यात एकही रोबो नाही. एक छोटा पीएलसी, दोन-तीन सेन्सर, एखादे सिलेंडर, चांगला टूलरूमवाला आणि दोन दिवस डोके लावणारा मेंटेनन्सचा माणूस एवढ्यावर हे उभे राहते. पट्टी पुढे सरकली की नाही आणि जॉब बाहेर पडला की नाही, हे सेन्सरने पाहिल्याशिवाय पुढचा स्ट्रोक होत नाही. त्यामुळे डाय फुटायची वाचते आणि रिजेक्शनही कमी होते. टोयोडांच्या मागाने जे केले, तेच हे.

मालकांचा आक्षेप ऐकून घेतला पाहिजे, तो खोटा नाही. ऑर्डर महिन्यागणिक बदलते, एका प्रेसवर आठवड्यात चार-पाच डाय चढतात, प्रत्येकासाठी वेगळी घसरण आणि वेगळे गार्ड कुठून करणार? शिवाय मोठी कंपनी नगामागे पैशांत भाव पाडते, त्यातून यंत्रणेचा खर्च निघत नाही. पहिल्या आक्षेपाला उत्तर आहे: नवा डाय करतानाच गार्ड आणि फीडिंग त्याचा भाग म्हणून आखले तर खर्च थोडा वाढतो, मागाहून बसवण्याइतका नाही. दुसऱ्या आक्षेपाला छोट्या मालकाकडे उत्तर नाही. ते माल घेणाऱ्यांनीच दिले पाहिजे.

हात वाचले की पुढची पायरी मोजण्याची. प्रेस दिवसात किती वेळ खरोखर चालली, किती वेळ डाय बदलण्यात गेला, किती वेळ माल आला नाही म्हणून थांबली, याचा हिशोब बहुतेक ठिकाणी सुपरवायझरच्या वहीत आणि डोक्यात असतो. एक प्रॉक्सिमिटी सेन्सर आणि काउंटर लावला की खरे आकडे हाती येतात. त्यानंतर लोडिंग-अनलोडिंग, मग कॅमेऱ्याने तपासणी. रोबो या रांगेत शेवटी येतो, आणि आला तर विचारपूर्वक येतो. बजाज ऑटोने चाकणच्या कारखान्यात २०१० पासून माणसांच्या शेजारी, पिंजऱ्याविना काम करणारे कोबोट आणले. जुळणीच्या साखळीवरची वाकून करायची, कंटाळवाणी, अचूकता मागणारी कामे त्यांना दिली. त्या साखळीवर महिलांचे प्रमाण मोठे आहे. काम कुठले जड आहे हे आधी पाहिले आणि यंत्र नंतर निवडले, हा त्यातला धडा.

मग नोकऱ्यांचे काय? काही जातील, हे स्पष्ट बोलले पाहिजे. नुसते भरणे, काढणे, मोजणे एवढेच काम करणाऱ्या हेल्परची जागा सगळ्यात आधी हलते. पण नाशिकने अलीकडे सोसलेला मोठा फटका रोबोंनी दिलेला नव्हता. २०१९ च्या वाहन मंदीत बॉशला इथल्या कारखान्यात उत्पादनबंदीचे दिवस जाहीर करावे लागले, कारण मागणी घटली होती. आणि ग्राहक माल नाकारतो तो दर्जात सातत्य नसले म्हणून, दिलेली तारीख चुकली म्हणून. तिथे काम टिकवायला ऑटोमेशन मदतच करते. अट एवढीच की प्रेसवरून मोकळ्या झालेल्या माणसाला सेटर, फिटर, मेंटेनन्सचा हात म्हणून घडवायचे. त्याला गेटबाहेर काढून यंत्राची परतफेड मोजायची नाही.

ही माणसे घडवायला नाशिकमध्ये काय कमी आहे? सातपूरला आयटीआय आहे, अंबडला नाशिक इंजिनीअरिंग क्लस्टर आहे. जिथे नोकरी करत शिकता येते ते, १९८९ मध्ये स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ गंगापूर धरणाजवळ उभे आहे. संध्याकाळच्या शिफ्टनंतर किंवा सुट्टीच्या दिवशी पीएलसी, न्यूमॅटिक्स आणि सेफ्टी सर्किट प्रत्यक्ष पॅनेलवर हात लावून शिकवणारा, मराठीतून चालणारा अभ्यासक्रम या तिघांनी मिळून काढावा. फी मालकाने भरावी. यंत्रावरच्या पडद्यावर बिघाडाचा संदेशही मराठीत आणि हिंदीत यावा. आजकालच्या अशा पडद्यांवर देवनागरी सहज दिसते, फक्त कोणी ती मागत नाही. बिघाड रात्रपाळीत झाला आणि संदेश वाचता आला नाही, की पहिला उपाय म्हणून सेन्सर बायपास करतात. सुरक्षेची यंत्रणा बसवल्यावर महिन्याभरात बंद पडलेली सापडते ती अशानेच.

म्हणून निमा आणि आयमा या उद्योजकांच्या दोन्ही संघटनांनी पुढच्या वर्षाचा एकच कार्यक्रम घ्यावा: अंबड, सातपूर, सिन्नर, गोंदे इथल्या प्रत्येक पॉवर प्रेसची यादी. क्लच कोणता, हात डायमध्ये जातो की नाही, गार्ड आहे की नाही. तीन रकाने पुरेत. ही यादी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला द्यावी आणि नाशिकमधून पत्र्याचे भाग घेणाऱ्या प्रत्येक मोठ्या कंपनीलाही द्यावी. पुरवठादाराच्या ऑडिटमध्ये या कंपन्या मायक्रोमीटरचे कॅलिब्रेशन तारखेनिशी तपासतात. त्यांनी प्रेसही तशीच तपासावी, आणि गार्डचा व फीडरचा खर्च नगाच्या भावात मान्य करावा. ज्या युनिटमध्ये अजून हात डायखाली जातो, त्याच्या मालकाने रोबोचे कोटेशन मागवण्याआधी टूलरूमवाल्याला बोलावून त्या एका प्रेससमोर उभे करावे.